सोलापुरात पोलिसांकडचे कागद मागायचे कसे, आणि कोणाकडे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडिलांच्या दुचाकीला टेम्पोने धडक दिली, लोकांनी त्यांना सिव्हिलला नेलं, पायाचं ऑपरेशन झालं. दीड महिना उलटला. विमा कंपनी एफआयआर आणि घटनास्थळाचा पंचनामा मागते आहे. पोलीस ठाण्यात गेलं की कोणी म्हणतं वकील घेऊन या, कोणी म्हणतं माहिती अधिकारात टाका. शिवाय तुम्ही हेही विचारलंय की आपल्या पेठेत वर्षभरात किती चोऱ्या-मारामाऱ्या नोंदल्या गेल्या, हे साध्या नागरिकाला मागता येतं का.

दोन्ही मागता येतं, पण दोन्हींची वाट वेगळी. इथल्या कोर्टात फौजदारी काम करताना मला सगळ्यात जास्त वेळ वाया गेलेला दिसतो तो इथेच. माणूस कागद कुठला आणि त्या कागदाशी आपलं नातं काय हे न ठरवता सरळ माहिती अधिकाराचा अर्ज टाकतो, तीस दिवस थांबतो आणि शेवटी 'तपास सुरू असल्याने माहिती देता येत नाही' असं एका ओळीचं उत्तर घेऊन येतो. जखमीच्या मुलाने एफआयआरसाठी माहिती अधिकारात जायचं काहीच कारण नाही. त्याला तो कागद फुकट आणि लगेच मिळण्याची सोय कायद्यातच आहे.

आधी हे बघा, की एफआयआर झालाय का? सोलापुरात हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण अपघात कुठलाही असो, जखमी येतो तो बहुतेक सिव्हिलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात. तिथे डॉक्टर एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायच्या जखमीची वैद्यकीय नोंद, करतात, आवारातल्या पोलीस चौकीत ती नोंद होते आणि दुसऱ्या दिवशी पेपरातही येतं, 'याची नोंद सिव्हिल पोलीस चौकीत झाली आहे.' घरच्यांना वाटतं, झालं काम. ती नोंद म्हणजे फक्त खबर आहे, अमुक माणूस अमुक वेळी जखमी अवस्थेत दाखल झाला एवढीच. ती पुढे ज्या ठाण्याच्या हद्दीत अपघात झाला तिकडे जाते. तिथल्या अंमलदाराने जखमीचा किंवा नातेवाइकाचा जबाब घेतला, गुन्हा नोंदवला, तर गु.र.नं., म्हणजे गुन्हा रजिस्टर नंबर, पडतो. वडील बेशुद्ध होते, जबाब राहून गेला, मग डिस्चार्ज झाला आणि कागद तसाच पडून राहिला, असं पुष्कळदा घडतं. म्हणून पहिल्यांदा चौकीत जाऊन एमएलसी नंबर, तारीख-वेळ आणि ती खबर कुठल्या ठाण्याला पाठवली हे लिहून घ्या. जावक क्रमांक मिळाला तर उत्तमच.

हद्दीचा घोळही इथे समजून घ्या. शहर पोलीस आयुक्तालय वेगळं आणि ग्रामीणचं पोलीस अधीक्षक कार्यालय वेगळं. फौजदार चावडी, जेलरोड, सदर बझार, जोडभावी पेठ, विजापूर नाका, सलगर वस्ती, एमआयडीसी ही ठाणी शहरात. पण कुंभारीच्या विडी घरकुलात राहणारा माणूस रोज शहरात कामाला येतो, पत्ता सांगताना सोलापूर म्हणतो, आणि ठाणं मात्र त्याचं वळसंग, म्हणजे ग्रामीण. स्टेशनात किंवा रेल्वेत काही झालं तर लोहमार्ग पोलीस, तो तिसराच कारभार. अपघात जिथे झाला ती जागा नकाशावर नीट बघा आणि मगच ठाणं ठरवा.

ठाणं कळलं की घरी बसून एक गोष्ट करता येते. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर 'प्रकाशित एफआयआर' अशी सोय आहे. जिल्हा निवडताना सोलापूर शहर की सोलापूर ग्रामीण हे बघून निवडा, ठाणं निवडा, तारखा टाका. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने यूथ बार असोसिएशनच्या प्रकरणात आदेश दिला, की एफआयआर नोंदल्यापासून चोवीस तासांत संकेतस्थळावर यावा, जोडणीची अडचण असेल तर जास्तीत जास्त बहात्तर तासांत. लैंगिक गुन्हे, पोक्सो (बालकांवरचे लैंगिक अत्याचार), दहशतवाद असे संवेदनशील गुन्हे त्यातून वगळले आहेत. तारीख टाकताना अपघाताची तारीख धरून बसू नका. गुन्हा उशिरा नोंदला जातो, म्हणून अपघाताच्या दिवसापासून आजपर्यंतचा काळ थोडा-थोडा करून तपासा. गु.र.नं. सापडला की अर्धं काम झालं. ठाण्यात 'माझ्या वडिलांचा अपघात' म्हणून विचारलं तर रजिस्टर चाळावं लागतं. नंबर सांगितला तर पान उघडतं.

आता प्रत. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या कलम १७३(२) प्रमाणे नोंदवलेल्या खबरीची प्रत खबर देणाऱ्याला किंवा पीडिताला ताबडतोब आणि विनामूल्य द्यायची आहे. जुन्या संहितेत हा हक्क फक्त खबर देणाऱ्याचा होता. 'किंवा पीडिताला' हे नवं आहे, आणि ठाण्यातल्या सगळ्यांच्याच अजून अंगवळणी पडलेलं नाही. फिर्याद दुसऱ्या कोणी दिली असली तरी तुमच्या वडिलांना एफआयआरची प्रत मिळते. 'फिर्यादीलाच देतो' हे उत्तर आता चालत नाही. वडील चालू-फिरू शकत नसतील तर त्यांच्या सहीचं साधं अधिकारपत्र, त्यांच्या आणि तुमच्या आधारची झेरॉक्स, एवढं पुरतं. वकील लागत नाही.

अर्ज चार ओळींचा करा. वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावाने. विषय: 'गु.र.नं. अमुक मधील प्रथम खबर अहवालाची प्रत कलम १७३(२) अन्वये विनामूल्य मिळणेबाबत.' खाली वडील त्या गुन्ह्यातील जखमी आहेत, तुम्ही त्यांचे अधिकृत प्रतिनिधी आहात, प्रत विमा दाव्यासाठी हवी आहे. बस. अपघाताची सगळी हकिकत, टेम्पोवाल्याचा मुजोरपणा, दवाखान्याचा खर्च, हे त्यात नको. अर्ज लांबला की वाचणाऱ्याला ती नवी तक्रार वाटते आणि तो तुम्हाला दुसऱ्या टेबलाकडे पाठवतो.

हा अर्ज ठाणे अंमलदाराच्या हातात देऊन परत फिरू नका. दोन प्रती न्या. बारनिशीच्या, म्हणजे आवक-जावक नोंदीच्या, टेबलावर द्या, तुमच्या प्रतीवर ठाण्याचा गोल शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि घेणाऱ्याची सही घ्या. 'ठेवून जा, साहेब आले की दाखवतो' असं म्हटलं तर शांतपणे थांबा आणि म्हणा, 'दाखवा की, मला फक्त पोच द्या.' पोच मिळालीच नाही, तर बाहेर पडून तोच अर्ज रजिस्टर पोस्टाने पाठवा, पोचपावतीसह. पुढे वरिष्ठांकडे, कोर्टात, माहिती आयोगाकडे, कुठेही गेलात तरी पहिला प्रश्न हाच असतो की अर्ज कधी दिला. त्या वेळी शिक्क्याची प्रत टेबलावर ठेवता आली पाहिजे.

पंचनाम्याचं थोडं वेगळं आहे. तो १७३(२) मध्ये बसत नाही, तो तपासाचा कागद आहे. पण मोटार अपघाताच्या बाबतीत कायद्याने पीडिताला जास्त हात दिलाय आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६० प्रमाणे ज्याला भरपाईचा दावा करायचा आहे त्याने किंवा विमा कंपनीने मागितलं, तर ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याने ठरलेली फी घेऊन गाडीचा क्रमांक, तिचा तपशील, चालवणाऱ्याचं नाव-पत्ता द्यायचा आहे. त्यावर १ एप्रिल २०२२ पासून नवे नियम आले. तपासी अंमलदाराने अपघाताचा पहिला अहवाल अठ्ठेचाळीस तासांत, अंतरिम अहवाल पन्नास दिवसांत आणि सविस्तर अहवाल नव्वद दिवसांत मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे द्यायचा, आणि पीडितालाही प्रत द्यायची. तुमचा दीड महिना झालाय. म्हणजे पहिला अहवाल व्हायलाच हवा होता आणि अंतरिम तोंडावर आलाय. अर्जात 'एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, नमुना एक मधील पहिला अपघात अहवाल' असं नाव घेऊन मागा. नमुन्याचं नाव घेतलं की अंमलदाराला कळतं, समोरच्याने नियम वाचलाय. भरपाईच्या दाव्याला २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत घातली आहे, म्हणून 'तपास संपू दे, मग बघू' असं करू नका.

दवाखान्याचे कागद पोलिसांकडे मागत बसू नका. केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे हे रुग्णाचे आहेत आणि वैद्यकीय परिषदेच्या नियमाप्रमाणे मागितल्यापासून बहात्तर तासांत द्यायचे असतात. सिव्हिलच्या रेकॉर्ड विभागात वडिलांच्या नावाने अर्ज करा.

गुन्हाच नोंदला नसेल तर प्रत कशाची मागणार? मग मागणी बदलते. जखमी झालेला अपघात, बेदरकार गाडी चालवणं, हे भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ आणि १२५ मध्ये बसतं आणि दोन्ही दखलपात्र आहेत, म्हणजे पोलिसांना कोर्टाच्या परवानगीशिवाय तपास करता येतो असे. दखलपात्र खबर मिळाल्यावर गुन्हा नोंदवणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात २०१३ मध्येच सांगून ठेवलंय. वडिलांचा लेखी जबाब ठाण्यात द्या. घेतला नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे तोच मजकूर पोस्टाने वरिष्ठांना, ग्रामीणला पोलीस अधीक्षकांना आणि शहरात आयुक्तालयात उपायुक्तांना. तिथेही हाललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. या टप्प्यावर मात्र वकील घ्या. पैशाची अडचण असेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, मर्यादित उत्पन्न असलेले, अशांना वकील मोफत मिळतो.

तपास चालू असताना आणखी एक गोष्ट हक्काने मागता येते. त्याच संहितेच्या कलम १९३(३) प्रमाणे नव्वद दिवसांच्या आत तपासाची प्रगती खबर देणाऱ्याला किंवा पीडिताला कळवायची आहे, मोबाईलवरून कळवली तरी चालतं. नव्वद दिवस झाले आणि काही कळलं नाही, तर तेवढ्याच मुद्द्याचा एक अर्ज द्या. केस डायरी, म्हणजे तपासी अंमलदाराची रोजची तपासनोंद, मात्र मागू नका, ती मिळत नाही. साक्षीदारांचे जबाब, उरलेले पंचनामे हे दोषारोपपत्र कोर्टात गेलं की मिळतात. कलम २३० मध्ये आरोपीबरोबर पीडितालाही, त्याचा वकील असेल तर, संच द्यायचा आहे. कोर्टाच्या नक्कल विभागातूनही प्रमाणित प्रती काढता येतात. विमा कंपन्या कोर्टाच्या शिक्क्याच्या नकलेला नाक मुरडत नाहीत. गाडी चोरीच्या दाव्यात आणखी एक कागद लागतो. तपास होऊनही चोर सापडला नाही, की पोलीस कोर्टात 'अ' समरी पाठवतात, म्हणजे गुन्हा खरा पण उघडकीस आला नाही. विमा कंपनीला ती कोर्टाने मंजूर केलेली हवी असते. लोक ठाण्यात हेलपाटे मारतात, आणि कागद कोर्टात पडलेला असतो.

उलट बाजूनेही प्रश्न येतो, 'माझ्यावरच कोणी केस टाकलीय म्हणतात, कसं कळणार?' त्यालाही पोर्टल आहेच. नाही सापडलं तर वर सांगितलेल्या २०१६ च्या निकालाप्रमाणे ज्याला असा संशय आहे तो आपल्या माणसामार्फत ठाण्यात किंवा अधीक्षकांकडे फी भरून प्रमाणित प्रत मागू शकतो, आणि ती चोवीस तासांत द्यायची आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न, पेठेतल्या गुन्ह्यांचा. इथे तुम्ही फिर्यादी नाही, पीडित नाही, फक्त नागरिक आहात. इथे माहिती अधिकार कायदा २००५ हेच दार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून कागदावर अर्ज करा किंवा राज्य सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत. कारण सांगायची गरज नाही, विचारलं तरी सांगू नका. प्रत पानाला दोन रुपये. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर तो योग्य ठिकाणी पाच दिवसांत पाठवणं त्यांचं काम आहे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचा तोंडी अर्ज लिहून घेण्याला मदत करणं हेही माहिती अधिकाऱ्याचंच काम आहे. घरात तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या आणि मराठी लिहिण्याचा सराव नसलेल्या आपल्याकडच्या कित्येक बायाबापड्यांना हे कोणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो.

सगळा खेळ मजकुराचा आहे. 'आमच्या पेठेत एवढ्या चोऱ्या का होतात, पोलिसांनी काय केलं, सविस्तर माहिती द्यावी' असं लिहिलंत तर उत्तर मिळणार नाही आणि माहिती आयोगही तुमच्या बाजूने उभा राहणार नाही. हा कायदा कार्यालयात असलेला कागद देतो, 'का' चं उत्तर देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलंय, की नसलेली माहिती तयार करून देण्याचं बंधन नाही. त्याऐवजी असं लिहा:

'१ जानेवारी २०२५ ते ३१ डिसेंबर २०२५ या कालावधीत आपल्या पोलीस ठाण्यात चोरी, घरफोडी व मारामारी या शीर्षांखाली दाखल झालेल्या गुन्ह्यांची व उघडकीस आलेल्या गुन्ह्यांची महिनावार संख्या दर्शवणाऱ्या, कार्यालयात उपलब्ध असलेल्या विवरणपत्रांच्या प्रती, तसेच याच कालावधीतील अदखलपात्र नोंदींच्या संख्येचा तपशील. व्यक्तींची नावे वगळून दिल्यास हरकत नाही.'

पेठनिहाय आकडे ठाण्यात बहुधा नसतात, ठाण्याचे असतात. पेठेचंच हवं असेल तर रजिस्टरच्या निरीक्षणाची मागणी करा. पहिला तास फुकट, पुढे दर पंधरा मिनिटांना पाच रुपये. बसून स्वतः मोजा, टिपणं काढा. मला ही पद्धत सगळ्यात खात्रीची वाटते. ११२ वर केलेल्या एखाद्या कॉलचं काय झालं हेही असंच मागता येतं, कॉलची तारीख, वेळ आणि ज्या मोबाईलवरून केला तो नंबर देऊन, त्यावरच्या कार्यवाहीच्या नोंदीची प्रत.

अर्जातलं ते शेवटचं वाक्य, नावं वगळण्याचं, आता फार उपयोगी पडतं. वैयक्तिक माहितीचं कलम ८(१)(ञ) नोव्हेंबर २०२५ पासून बदललंय, डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यामुळे ते आधीपेक्षा कडक झालंय. पण कलम १० जागेवर आहे, म्हणजे न देण्याजोगा भाग झाकून बाकीचा द्यायचा. आणि व्यापक जनहिताचं कलम ८(२) सुद्धा आहे. अत्याचारग्रस्त स्त्रीची किंवा बालकाची ओळख उघड होईल असं काही मात्र मागूच नका. ती बंदी योग्य आहे आणि तोडली तर गुन्हा आहे.

नकार बहुतेक कलम ८(१)(ज) वर येतो, तपासाला बाधा. दिल्ली उच्च न्यायालयाने भगतसिंग प्रकरणात २००७ साली म्हटलंय, की तपास चालू आहे एवढं कारण पुरेसं नाही, माहिती दिल्याने त्याला बाधा कशी येईल हे अधिकाऱ्याने दाखवलं पाहिजे. वर्षभराच्या आकड्यांनी कुठल्या तपासाला बाधा येणार? पहिल्या अपिलात हेच दोन ओळीत लिहा. अपील तीस दिवसांत, वीस रुपयांच्या स्टॅम्पवर, त्याच खात्याच्या वरिष्ठाकडे. सुनावणीला स्वतः जा. दुसरं अपील नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे, तिथे वेळ लागतो, म्हणून पहिल्या अपिलातच जोर लावा. तीस दिवसांत उत्तरच आलं नाही तर माहिती फुकट द्यावी लागते, आणि आयोगाने ठरवलं तर अधिकाऱ्याला दिवसाला अडीचशे, जास्तीत जास्त पंचवीस हजार दंड होतो. 'जुनं रेकॉर्ड नष्ट केलंय' असं उत्तर आलं तर तिथे सोडू नका. कुठल्या आदेशाने, कधी नष्ट केलं, त्या नोंदीची प्रत मागा.

वडिलांच्या कामात एक गोष्ट आजच करा. अपघात झाला त्या चौकातल्या दुकानांच्या आणि पेट्रोल पंपाच्या कॅमेऱ्याचं चित्रण काही दिवसांत पुसलं जातं, कदाचित गेलंही असेल. तरी तपासी अंमलदाराला लेखी द्या, की अमुक ठिकाणचं अमुक वेळेचं चित्रण जप्त करावं. त्याच्या पोचेची झेरॉक्स विम्याच्या फाइलला लावा. आणि ठाण्यात तुम्हाला नीट वागवलं गेलं नसेल, तर पोलीस ठाण्यातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण अठरा महिने जपून ठेवायचं असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०२० चा आदेश आहे. तुम्ही गेलात ती तारीख आणि वेळ टाकून तेही माहिती अधिकारात मागता येतं.